तिसरं काडतूस

अब्बा, तुम्हांला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज लिहायला बसलेय, कारण रविवारपासून माझं कशातच लक्ष लागत नाही. पोळी तव्यावर करपते, फोन वाजून बंद होतो, मी खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत राहते.

बीडच्या दुकानातला तो दिवस सारखा समोर येतो. दिंद्रुडकडचे एक शेतकरी बारा बोरची बंदूक दुरुस्तीला घेऊन आले होते. उसात रानडुकरं घुसत होती, मारायची परवानगी मिळाली होती. बंदुकीत पाच काडतुसं मावायची. तुम्ही तिच्या खालच्या नळीत लाकडी दांडी बसवलीत, म्हणजे तीनच मावतील. परवान्यात तसं काही नव्हतं. तो तुमचा स्वतःचा नियम. ते वैतागून विचारतात, "मिस्त्री, पाचाची बंदूक हाय, तीन कावून?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "तीन बार व्हईपत्तूर मानूस नीट बघून मारतो. फुडं नुसता घोडा वडतो. उसात तोडणीच्या बाया असत्यात."

तुम्ही नमाजला गेलात तसे ते परत आले, आणि मी, कॉलेज संपवून दुकानात बसणारी तुमची हुशार मुलगी, नळीचं टोपण फिरवून दांडी काढून ठेवली. आल्यावर तुम्हांला ती टेबलावर दिसली. ती खिशात घातलीत आणि मोटरसायकल काढून थेट दिंद्रुड गाठलंत. संध्याकाळी धुळीनं माखून परत आलात, पाणी प्यालात आणि एवढंच म्हणालात, "त्या उसात मानसं किती हायेत, इचारलं व्हतंस का?" मला तेव्हा राग आला होता. गिऱ्हाईक तुटलं म्हणून.

आता मी नेमबाजीच्या स्पर्धांना पंच असते. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या. एका तबकडीला दोन बार, म्हणून बंदुकीत दोनच काडतुसं. रविवारी एक वयस्कर नेमबाज उभे राहिले. त्यांच्याच शिफारशीनं मला हे काम मिळालंय. दोन भरून झाल्यावर त्यांचा अंगठा पुन्हा हलला. तिसरं आत गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले. मी तबकडी सोडायची खूण केली.

दोन बार झाले. बंदूक रिकामी समजून सगळे सैलावले, ते वळले, आणि तिसरा बार खाली फरशीवर उडाला. सिमेंटचा तुकडा गुण लिहिणाऱ्या मुलीच्या पिंढरीत घुसला. चार टाके पडले. दवाखान्यात ती मलाच धीर देत होती, "मॅडम, लई न्हाई लागलं." आणि त्याच दुपारी मी अहवालात लिहिलं, 'बंदुकीतील बिघाड.' तुमच्या मुलीनं, अब्बा, एका चांगल्या बंदुकीवर आळ घेतला.

तीन दिवस तगमग झाली. आज सकाळी जाऊन अहवाल बदलून आले. 'बंदुकीत तिसरे काडतूस होते. बिघाड नव्हता.' आता त्यांच्यावर बंदी येईल, मलाही पुन्हा बोलावणार नाहीत बहुतेक. त्याचं काही नाही. पण कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?" मी म्हटलं, "नंतर."

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून इथं लिहिते. मला आधीच दिसलं होतं.