दोन्ही हातांनी घ्यायची वस्तू

प्रिय वाइसाके,

आदराने लिहितो आहे, कारण पत्रात आदर असावा असं आईने शिकवलं होतं. समोर असतास तर पहिलं वाक्य तुझ्या पोटाबद्दल असतं. तुझा गुडघा काय म्हणतो? लोसालिनी वहिनी अजून तुझ्याचबरोबर राहतात ना? (देव आहे, हे आमच्या पाद्रीबुवांनी एवढ्या एका गोष्टीवरून सिद्ध करावं, प्रवचन तरी आटोपतं घेता येईल.) इकडे सगळे खुशाल. अळूचे कंद यंदा तुझ्या डोक्याएवढे झालेत आणि आतून भरीव आहेत. आपल्यात डोकं पवित्र, कोणाच्या डोक्यावरून बोलू नये हे मला कळतं, पण तू माझा मामेभाऊ, म्हणजे रीतीने मेव्हणाच. तुला टोमणा मारला नाही तर गावात लोक विचारतील, भांडलात की काय.

हे पत्र घेऊन आलेली उंच बाई म्हणजे मारेता. खरं नाव वेगळं आहे, ते उच्चारताना आमच्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या हलतात. हॉलंडात शाळेत शिकवायची, आता निवृत्त, आमच्याकडे पाहुणी आली आहे. तिला चटईवर बसव, वाटीभर यांगोना प्यायला दे, आणि मध्येमध्ये तिच्याकडे बघत बसू नकोस. बघायचं काम तिचं आहे. तिने दिलेलं गाठोडं मांडीवर घेऊनच पत्र वाच. ते जमिनीवर ठेवण्याजोगं नाही, आणि पत्र लांब आहे.

तर मुद्दा असा की आमच्या रुपेनीचं लग्न ठरवायचं आहे. मुलीने त्याला पसंत केलं, त्याने मुलीला, दोघांच्या आयांनी तर मासळी साफ करता करता नातवंडांची नावंसुद्धा ठरवून टाकली. राहिला मुलीचा बाप. माणूस मनाने चांगला, पण हट्टी. पाहुण्यांना पाण्याखाली फिरवून बुडबुडे काढत बसणाऱ्या पोराला कोण मुलगी देणार, असं तो चारचौघांत यांगोनाच्या परातीपाशी बोलून बसला आहे, आणि बोललेलं मागे घ्यायची त्याच्या घराण्यात पद्धत नाही. (असा कोणी आठवला तर मनातच ठेव. नाव मी आत्ता सांगणार नाही.) अशा माणसाकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही. तांबुआच न्यायला हवा, आणि आमच्या घरात तसा देवमाशाचा दात एकच, आजोबांचा, मधासारख्या रंगाचा. तो गेला तर मागणंही गेलं.

तो घेऊन आम्ही निघालो. होडीत मी, रुपेनी आणि मारेता. ती का, तर वाटेत तिला प्रवाळावर एक बुडी मारवून आणायची होती. हवेच्या टाक्या, मास्क, सगळं सामान होडीत होतं. बायको म्हणाली होती, "मागणीला जाताय की बाजाराला?" पण बायकोचं ऐकलं असतं तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती, आणि मग तुला वाचायला काय उरलं असतं?

प्रवाळातल्या खिंडीच्या तोंडाशी आलो आणि मला आठवलं की भाषणाची तालीम झालेली नाही. मुलीच्या बापासमोर मी अडखळलो तर तो जन्मभर नक्कल करेल. म्हणून मी दात काढला. आता तू जाणतोसच, दात एका हातात धरून बोलणं म्हणजे पूर्वजांच्या तोंडावर जांभई देणं. मी दोन्ही हातांनी धरला. इंजिनाचा दांडा धरायला देवाने तिसरा हात दिलेला नाही. मी "हे थोर घराण्याच्या धन्या" इथपर्यंत पोचलो (हे तुझ्यासारख्याला म्हणायचं म्हणजे जीभ अडखळणारच, पण ते असो), होडी आपल्या मर्जीने वळली, लाट आडवी आली आणि आजोबांचा दात काथ्याच्या दोरीसकट पाण्यात गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त मी दोन्ही दाखवले.

रुपेनीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता पाण्याकडे बघत राहिला, आणि वाइसाके, खरं सांगतो, तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्याने आणि मारेताने टाक्या चढवल्या आणि दोघं खाली गेली. मी वर बसून बुडबुडे मोजायचा प्रयत्न करत होतो आणि जी आठवतील ती सगळी स्तोत्रं म्हणत होतो, त्यात एक नाताळचंही होतं.

दात मारेताला सापडला. एका मोठ्या शिंपल्याशेजारी पडला होता म्हणे. आता ही बाई आपल्या चालीरीतींचं पुस्तक पाठ करून आलेली. गावात शिरताना टोपी काढली, गावप्रमुखांपुढे यांगोनाच्या मुळ्या अशा ठेवल्या की ते आम्हालाच म्हणाले, जरा शिका. तिने होडीत चढून तशाच ओल्या अंगाने गुडघे टेकले, दात दोन्ही हातांवर धरला आणि आपल्या इकडच्या भाषेत रीतसर बोलायला लागली. मी भारावलो. सवयीने टाळ्या वाजवल्या आणि घेतला. घेतल्यावर लक्षात आलं की ती नुसता परत देत नव्हती, काहीतरी मागत होती. तांबुआ घेतला म्हणजे मागणं मान्य. आधी ऐकायचं, मग घ्यायचं, हे मला या वयात एका हॉलंडच्या मास्तरीणबाईने शिकवलं.

तिचं मागणं असं की मी तिच्याबरोबर एकदा खाली यावं. इतकी वर्षं पाहुण्यांना खाली सोडतो, वर आल्यावर त्यांनी काय बघितलं ते त्यांनाच समजावून सांगतो, पण टाकी लावून स्वतः कधी गेलो नाही, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. (त्या कोणीतरीला मी घरी गेल्यावर विचारलं, तर म्हणाली, खोटं आहे का?) लहानपणी भाला घेऊन आपण दोघंही बुड्या मारायचो, ते वेगळं. तिथे श्वास आपला असतो. इथे डब्यात भरून आणलेली हवा.

तर मला रबरी कपड्यात कोंबलं. काय दिसत होतो ते विचारू नकोस, विचारलंस तर मी तुझ्या लग्नातल्या कोटाची आठवण काढेन. खाली गेलो. मारेताने अंगठा आणि बोट जुळवून विचारलं, ठीक? मी 'हो' म्हटलं. म्हणजे आपण म्हणतो तसं, भुवया उडवून. मास्कच्या आत उडालेल्या भुवया बाहेर कोणाला दिसणार? तिने पुन्हा विचारलं. मी जास्त आदराने, जरा उंच उडवल्या. त्यासरशी कपाळापाशी मास्क सुटला आणि पाणी आत आलं. ती घाबरी होऊन पुन्हा विचारते, ठीक? माणसाला सभ्यपणा सोडता येत नाही, मी पुन्हा 'हो' म्हटलं आणि नाकाडोळ्यात समुद्र. शेवटी मजेत आहे हे तिला कळावं म्हणून मी अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. नेलं. वर आल्यावर मी सांगितलं, मी मजेत आहे. पुन्हा खाली. पुन्हा ठीक? पुन्हा भुवया.

मग रुपेनीने मला हाताला धरलं. मनगटाला, तो चालायला शिकत होता तेव्हा मी त्याला धरायचो ना, तसं. काही विचारलं नाही. माझा श्वास जोरात चालला की तो थांबायचा, मंद झाला की पुढे न्यायचा. जमिनीवर हा मुलगा दारात आपटतो, ताट सांडतो, चार शब्द बोलायला चार दिवस घेतो. खाली त्याचा हात लागून शेवाळाचं एक पान हललं नाही. मारेता मागे राहिली तर मान न वळवता त्याला कळत होतं. त्याने मला तो शिंपला दाखवला, दात पडला होता तो. मी मास्कच्या आत रडलो. पाणी आधीच होतं म्हणून कोणाला कळलं नाही, तुला सांगतो आहे. ज्याच्या हातात आपला जीव असा निर्धास्त देता येतो, त्याच्या हातात मुलगी द्यायला कोणा बापाने का घाबरावं, एवढंच मला त्या वेळी वाटलं आणि अजून वाटतं.

वर आलो तो डावा कान बंद. दवाखान्यात कामावर तुझी आकानिसी होती. पोरीचा हात काय हलका आहे. कानात बघितलं, थेंब घातले, आणि आठवडाभर पाण्यात जाल तर बापाला सांगेन म्हणून दम दिला. रुपेनी शेजारी कंदील धरून उभा होता. भर दुपार होती.

इकडे गावच्या म्हाताऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं की इलाइतियाने तांबुआ घेऊन डबकंसुद्धा ओलांडायचं नाही. ज्याने समुद्रातून काढला त्याच्याच हातून तो जावा. म्हणून मी घरी बसलो आहे, एका कानाने बायकोचं ऐकतो आहे. गुडघ्याला जप. वहिनींना नमस्कार.

तुझा (इलाज नाही म्हणून) मेव्हणा,
इलाइतिया

ता. क. गाठोडं आता सोडलंस तरी चालेल. दात तोच आहे, दोरीला थोडा खारा वास येईल. मुलगी आकानिसी. हट्टी बाप कोण ते तुला पहिल्या पानावरच कळलं असेल, तू मठ्ठ आहेस असं मी फक्त लोकांसमोर म्हणतो.

ता. क. दुसरा. दोन्ही हातांनी घेतलास, सवयीने टाळ्याही वाजवल्या असशील. पण तू म्हणशील, न सांगता दिलं, हे धरायचं नाही. बरोबर आहे, मलाही हॉलंडच्या बाईने असंच पकडलं होतं. तेव्हा ते सोडून देऊ. मारेताला मी सांगून ठेवलं आहे की वाइसाके तोंडाने 'हो' कधीच म्हणणार नाही, त्याच्या घराण्यात ते नाही. त्याला काही विचारू नका. तो शेवटचं पान वाचताना फक्त त्याच्या भुवयांकडे बघत राहा.

ता. क. तिसरा. रविवारी आम्ही डुक्कर भाजायला घालतो आहोत, कारण तुझ्या बायकोने परवाच हो म्हणून कळवलं आहे. आता मान वर करून बघ. मारेता हसते आहे ना? मग उडाल्या.