सभासदांना कळविण्यात येते की…

७ मे, मंगळवार

"उत्साहवर्धक"! हा शब्द आज त्याने अकरा वेळा वापरला. मोजले मी. क्रिस्पिन हेल, वय अडतीस, आमचा नवा सीईओ. याआधी व्यायामशाळा चालवायचा. क्रिकेटमध्ये चहापान असतं हे त्याला मार्चमध्ये कळलं.

दर पंधरवड्याला सभासदांना बातमीपत्र मी लिहिते. सत्तावीस वर्षं लिहितेय. वेलँडशायर काउंटी क्रिकेट क्लब, सभासद एकोणीसशे, त्यातल्या सहाशे चाळीस जणांना पोस्टाने, कारण त्यांच्याकडे ईमेल नाही. काहींकडे आहे, पण ते सांगत नाहीत. कोण फलंदाज जायबंदी, कोणता स्टँड रंगवला, जुलैत कुठली सहल. साधंसरळ काम.

आणि या वेळची बातमी काय, तर मैदान विकायचं! प्रायरी लेनचं मैदान, एकशे चाळीस वर्षांचं, फ्लॅट बांधणाऱ्यांच्या घशात घालायचं. नवं स्टेडियम चौदा मैलांवर, मोटरवेच्या कडेला. तिथे बससुद्धा जात नाही. सभासदांनी सभेत हात वर केल्याशिवाय विकता येत नाही, म्हणून हा सगळा उत्साह.

मी लिहिलं, "मैदान विकण्याचा प्रस्ताव आहे." त्याने "विकण्याचा" खोडलं आणि लिहिलं, "नव्या घराकडे वाटचाल".

"विकणं हा शब्द जरा जड वाटतो, डेनिस."

मग काय, मैदान सासरी पाठवतोय असं लिहू?

९ मे, गुरुवार

नऊ वाजून दोन मिनिटांनी मिस्टर टनिक्लिफांचा फोन. आम्ही नऊला उघडतो. वय अठ्ठ्याऐंशी, सभासद क्रमांक बारा, आणि रोज फोन! मला वाटलं, कुठून तरी मैदानाचं कळलं असणार. तर नाही. चहाच्या टपरीतले स्कोन, ते गोल गोडसर पाव, लहान झालेत. घरून फूटपट्टी आणून मोजले म्हणे.

"अर्धा इंच गेला, पोरी. कुठे गेला?"

काय सांगू या माणसाला! डोकं उठलं सकाळी सकाळी.

१४ मे, मंगळवार

मैदानाच्या प्रस्तावाचं पत्र सभासदांना माझ्या नावाने जाणार. सही माझी!

मी म्हटलं, "अहो, प्रस्ताव मंडळाचा आहे. सही तुमची हवी."

"माझी सही बघितली की ते टोपलीत टाकतात. तुझी असली की वाचतात. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा."

तेच तर दुखणं आहे. पत्रात वाक्य आहे — "अद्याप कोणताही निर्णय झालेला नाही." आणि हे वाचून दाखवताना त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर फ्लॅटचा रंगीत नकाशा! स्विमिंग पूलसकट! जिथे पूल दाखवलाय तिथे आपली खेळपट्टी आहे. मी बघत होते तर त्याने खुर्ची जरा सरकवली.

पेन्शनला चार वर्षं राहिलीत. दुसरी नोकरी कोण देणार मला या वयात? केली सही. लाज वाटते. इथे लिहितानाही वाटते.

१७ मे, शुक्रवार

सहाशे चाळीस पाकिटं चिकटवली. जिभेला डिंक. बास.

२२ मे, बुधवार

उत्तरं यायला लागली. आजपर्यंत एकतीस. मोठ्या आशेने एकेक फोडलं.

नऊ जणांना पुरुषांच्या स्वच्छतागृहाचं दार लागत नाही याचं दुःख. सहा जण विचारतात, सभा सोमवारीच का. एकाने पत्राचा कागद पातळ आहे म्हणून कळवलंय. मिसेस ऑग्डेन, गेली चाळीस वर्षं सामना बघता बघता मोजे विणणाऱ्या, त्यांनी विचारलंय, "सभेला कुत्रा आणला तर चालेल का? तो शांत असतो, ठरावांच्या वेळी तर झोपतोच."

मैदानाबद्दल? एक ओळ नाही. एकतीसपैकी एकानेही नाही!

अरे, उद्या तुम्ही बसता त्या बाकावर कोणाचं तरी स्वयंपाकघर येईल! दार लागत नाही म्हणे. दारच राहणार नाही तर लागेल कसं!

३ जून, सोमवार

सभेची तारीख पत्रात होतीच, २४ जून. आज क्रिस्पिनने वेळ ठरवली: सामन्याचा दुसरा दिवस, जेवणाच्या सुट्टीत. एक ते एक चाळीस.

"चाळीस मिनिटांत एवढा मोठा ठराव?"

"म्हणूनच तर! खेळ सुरू व्हायच्या आत त्यांना जागेवर परतायचं असतं. कोणी पाल्हाळ लावणार नाही. पटकन हात वर, पटकन बाहेर."

स्वतःवरच खूश झाला होता. मी सांगितलं, इथे सभेत प्रश्न सभासद क्रमांकाने विचारतात. सगळ्यात जुना आधी. मोडता येत नाही, पूर्वापार आहे. तर हसला. "विचारू देत ना. त्यांचे प्रश्न स्कोनबद्दल असतात." खरंच होतं ते.

११ जून, मंगळवार

आज फार वाईट वाटलं.

टनिक्लिफांचा फोन आला तेव्हा मनाचा हिय्या केला. दार लावून घेतलं. हळूच म्हटलं, "मिस्टर टनिक्लिफ, चोवीस तारखेला याल ना? आणि मत देताना जरा नीट विचार करून…"

त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "डेनिस, तू क्लबची नोकर आहेस. या विषयावर मला तुझ्याशी काही बोलायचं नाही." आणि फोन ठेवला. ठेवला!

सत्तावीस वर्षं! यांच्या बायकोच्या अंत्यविधीला मी सँडविच केले. यांना चष्मा सापडेना तर मी शोधायचा. आणि मी कोण? तर क्लबची नोकर. बाथरूममध्ये जाऊन रडले. दुःखाने कमी, रागाने जास्त.

मलाही हे मैदान हवंय. हे मी कोणाला म्हणू शकत नाही म्हणून इथे लिहून ठेवते. मलाही हवंय.

१५ जून, शनिवार

दुपारी टपरीपाशी गेले. पंधरावीस जण डोक्याला डोकं लावून बसलेले. टनिक्लिफ मध्ये, मांडीवर कसलंसं जुनं पुस्तक. मी दिसले मात्र, सगळे गप्प! मग मिसेस ऑग्डेन मोठ्याने म्हणाल्या, "तर असं आहे स्कोनचं."

म्हणजे मी आता यांच्या लेखी क्रिस्पिनची माणूस झाले. सही माझी होती ना. भोग म्हणावं आता.

२४ जून, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते.

साडेबाराला पाऊस. खेळ थांबला, खेळपट्टीवर कव्हरं आली. म्हणजे एक चाळीसला परत जायची घाईच संपली! क्रिस्पिनचा चेहरा बघण्यासारखा होता. पॅव्हेलियनच्या लाँग रूममध्ये माणूस मावेना. दारात सह्या मीच घेत होते — दोनशे बारा. कुत्राही होता. मनात म्हटलं, आले बाबा! इतके आलेत तर नाही म्हणायलाच आलेत.

आणि मग प्रश्न सुरू झाले.

क्रमांक चार: गाड्या लावायच्या जागेतली खडी टोचते. क्रमांक नऊ: धावफलकावरचा आठचा आकडा फिका पडलाय. क्रमांक बारा, आमचे टनिक्लिफ. मी पेन सरसावलं. "अध्यक्षमहाशय, माझा प्रश्न छत्र्यांच्या स्टँडबद्दल आहे." आणि पंधरा मिनिटं छत्र्यांचा स्टँड! क्रमांक सत्तावीस, एकतीस, चाळीस… मिसेस ऑग्डेन तर मुद्दा विसरल्या, बसल्या, आठवला म्हणून परत उठल्या. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, क्रिस्पिनने वीसदा. दीड तास! एकाच्या तोंडून "मैदान" हा शब्द निघाला नाही. मी इतिवृत्त लिहितेय, आणि वाटतंय की वही यांच्या डोक्यात घालावी.

दोन पस्तीसला पाऊस थांबला. अध्यक्षांनी घाईघाईने ठराव वाचला. "प्रायरी लेनचे मैदान विकण्यास ही सभा मंजुरी देत आहे. अनुकूल असणाऱ्यांनी—"

एवढ्यात खिडकीशी टनिक्लिफ उठले.

"पंच आले!"

झालं! खुर्च्या सरकल्या, काठ्या खटखटल्या, आणि अख्खी खोली दाराकडे निघाली! मी उभी राहून ओरडले, चक्क ओरडले, "अहो, मत द्या आणि मग जा! दोन मिनिटं!" कोणी बघेना माझ्याकडे. मिसेस ऑग्डेन कुत्र्याला काखेत मारून निघाल्या. टनिक्लिफ दाराशी उभे राहून एकेकाला वाट देत होते, लग्नातल्या यजमानासारखे. स्वतः शेवटी गेले.

आणि पंच कशाला आले होते? ओल बघायला! अंगात कोट, हातात छत्री. दोघांनी पायाने गवत दाबून बघितलं आणि गेले परत. ऐंशी ऐंशी वर्षं क्रिकेट बघणारी माणसं ही, यांना एवढं कळू नये? आणि परत आत यावं की नाही? तर नाही! ओल्या बाकांवर बसून राहिले, रिकाम्या मैदानाकडे बघत. खेळ सुरू झाला सव्वातीनला!

आत उरले अडतीस. मंडळाची माणसं, त्यांच्या बायका, क्रिस्पिनने आणलेले नवे चेहरे. पस्तीस हात वर झाले. ठराव मंजूर.

क्रिस्पिन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सांगितलं नव्हतं? यांना फक्त खेळ हवाय."

एकशे चाळीस वर्षांचं मैदान, आणि हे ओल बघायला पळाले. मूर्ख. सगळे मूर्ख. मी या माणसांसाठी रडले!

२५ जून, मंगळवार

"उत्साहवर्धक निर्णय" असं बातमीपत्र सकाळीच तयार होतं. त्याने स्वतः लिहिलं. मी फक्त इतिवृत्त टाइप करत होते.

अकराला क्लबच्या वकीलबाईंचा फोन. मतदानाच्या वेळी खोलीत माणसं किती होती? नियमपुस्तिकेप्रमाणे साठ लागतात. पुस्तिका १९२३ची, क्रिस्पिनने उघडलेलीसुद्धा नाही. खरं तर मीही ते पान कधी वाचलं नव्हतं.

क्रिस्पिन माझ्या टेबलाशी आला. आवाज एकदम मऊ. "डेनिस, बाल्कनीत काही जण होते ना? बाल्कनी म्हणजे खोलीच की. त्रेसष्ट लिही."

"बाल्कनीत कोणी नव्हतं. सगळे खाली बाकांवर होते. ओल्या."

"तुला पेन्शनला किती वर्षं आहेत गं?"

असं विचारलं त्याने. हसून विचारलं. मला इतका संताप आला — त्याचा, त्या पळपुट्यांचा, मी केलेल्या त्या सहीचा — की मी अडतीस लिहिलं. आकड्यात लिहिलं, अक्षरात लिहिलं, आणि सही करून त्याच्यासमोर वकीलबाईंना पाठवलं. एकदा खोट्याखाली सही केली, ती पुरे.

या येड्यांसाठी नाही केलं. खरं होतं म्हणून केलं.

२६ जून, बुधवार

वकीलबाईंचं पत्र. विरोधात मतं पडून ठराव फेटाळला असता तर मंडळाला तो पुढच्या महिन्यात परत आणता आला असता, आणि त्याच्या पुढच्याही. पण माणसं कमी पडून बुडालेला ठराव बारा महिने आणता येत नाही. आणि फ्लॅटवाल्यांची मुदत तर सप्टेंबरपर्यंतच.

म्हणजे मैदान राहिलं! नशीब! निव्वळ नशीब. त्या गाढवांच्या पळण्याने मैदान वाचलं!

क्रिस्पिन दिवसभर दार लावून बसला होता. मला अजून काढलेलं नाही.

२७ जून, गुरुवार

नऊ वाजून दोन मिनिटं. मी झापायच्या तयारीतच फोन उचलला. "मिस्टर टनिक्लिफ, पंच नुसते ओल बघायला आले होते, हे तुम्हाला कळू नये?"

"पोरी, मी बावीस वर्षं पंच होतो." पुढे म्हणाले, "पाऊस थांबेपर्यंत प्रश्न पुरवायचे म्हणजे काय हाल झाले आमचे, तुला कल्पना नाही."

मी खुर्ची ओढून बसले. मग म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

"आकडा तू लिहिणार होतीस. तुला ठाऊक होतं असं निघालं असतं तर तुझी नोकरी गेली असती. टपरीपाशी नियमपुस्तिका उघडून रीतसर ठराव केला आम्ही — डेनिसला यातलं काही कळू द्यायचं नाही. घरोघर फोन करून मतं घेतली. एकशे चौऱ्याहत्तर विरुद्ध शून्य."