कानाचे पैसे

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. डोक्यात फार साठलंय आणि घरात ऐकणारं कोणी नाही. बायको सकाळी कामावर जाते ती संध्याकाळी उगवते. वडील दिवसभर घरात असतात, पण नानांचे कान गेलेले. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावलं की डावा पार कामातून गेलाय, उजव्यात थोडी धुगधुगी आहे, मशीन उजव्याला बसेल. मशीनवाल्याने लगेच कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला. नानांना गुदगुल्या झाल्या म्हणे. किंमत ऐकून माझे कान बसले.
निम्मे पैसे ताईने पाठवलेत, निम्मे मी बाजूला काढलेत. सगळे माझ्या खात्यात. शनिवारी भरायचे.
मी घरूनच काम करतो. एका मिक्सर कंपनीकडे येणाऱ्या तक्रारींना उत्तरं देतो. ‘प्रिय ग्राहक, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.’ पुढचं ठरलेलं असतं, नुसतं पेस्ट करायचं. नऊ वर्षं हेच. माणूस थकतो. म्हणून जेवणानंतर दहा मिनिटं फोनवर चाक फिरवतो. जुगार नव्हे, विरंगुळा.

५ मार्च, बुधवार
चाकाची पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे शिस्त लागेल. पडद्यावर एक बाई हसत चाक फिरवते. खरीखुरी बाई, थेट दिसते. गोळी लाल घरात पडते नाहीतर काळ्या. एक हिरवं घरही आहे, पण त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. लोक मनाला येईल तसं लावतात आणि बुडतात. मी आधी नुसता बघत बसतो. लाल ओळीने चारदा आलं की काळ्यावर लावायचं. हरलो तर दुप्पट. काळं येऊन येऊन जाईल कुठे?
नियम. दहाच मिनिटं. ठरल्यापेक्षा जास्त लावायचं नाही. कानाच्या पैशांना हात लावायचा नाही.
बसायची जागा नानांच्या खुर्चीशेजारी, त्यांच्या उजव्या हाताला, स्टुलावर. घरात नेट फक्त तिथेच धड येतं. इअरफोन लागत नाही. गोळीचा खडखडाट कितीही मोठा केला तरी नानांना पत्ता नाही. मी त्यांच्याशी बोलतही असतो. म्हणजे मोठ्याने विचार करतो. नाना, आता बघा काळं येतंय. नाना, गेलं हो. ते माझ्या तोंडाकडे बघून हसतात. बिचारे.

६ मार्च, गुरुवार
जिंकलो. दहा मिनिटांत दोन दिवसांचा पगार. ऑफिसात असतो तर साहेबाने बघितलं असतं. घरून काम करण्याचे फायदे लोकांना कळत नाहीत.

७ मार्च, शुक्रवार
विचार केला. नानांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केली, बारीक स्क्रू शोधून डोळे निम्मे गेले, आता कान. अशा माणसाला साधं मशीन? वरच्या दर्जाचं घेतलं तर त्यात फोनही ऐकू येतो. फरक फार नाही. कानाचे पैसे दोन दिवस कामाला लावले तर सहज निघेल. नियम मोडला असं नाही. नियम माझ्यासाठी होता, हे नानांसाठी आहे.
पैसे आत जायला फक्त माझा अंगठा लागला. पाणी प्यायला उठावं लागतं, याला उठावंही लागत नाही.

७ मार्च, जरा वेळाने
लाल ओळीने नऊदा. आधी असं कधी बघितलं नव्हतं. नाना गुडघ्यावर थोपटत होते. वय झालं की माणूस काहीतरी करत बसतो.

८ मार्च, शनिवार
मशीनच्या दुकानात गेलो नाही. बायकोला सांगितलं की माल आलेला नाही, वरूनच तुटवडा आहे. नानांना पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, पाटी पुसली आणि म्हणाले, काही घाई नाही रे. किती समजूतदार माणूस. अशांच्या जिवावरच संसार चालतात.
पैसे गेलेले नाहीत. निम्मे आहेत. उरलेले चाकाकडे आहेत, इतकंच.

११ मार्च, मंगळवार
आले. सगळे नव्हे, पण बरेच. लगेच बाहेर काढायचं ठरवलं. बघा, मोह कुठे आहे?
बाहेर काढायला मात्र ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि हातात कागद धरलेला फोटो लागतो. फोटोत कान दिसले पाहिजेत म्हणे. आत जाताना अंगठा पुरला होता. सगळं पाठवलं. तीन दिवस थांबा म्हणाले.

१२ मार्च, बुधवार
पैसे तिथे नुसते पडून आहेत. दिसतात पण हाताला लागत नाहीत. खेळायला तेवढे लागतात.

१३ मार्च, गुरुवार
नाही राहिले. तिकडच्या फोटो तपासणाऱ्यांना तक्रार लिहिली की तुमच्या दिरंगाईमुळे माझं नुकसान झालं. अर्ध्या मिनिटात उत्तर. ‘प्रिय ग्राहक, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.’ असलं उत्तर पाठवणाऱ्या माणसाने ग्राहकाचं पत्र वाचलेलं नसतं, हे मला चांगलं माहीत आहे. राग आला.
आजपासून बंद. ॲप काढून टाकलं.

१४ मार्च, शुक्रवार
संदेश आला की तुमची आठवण येते, परत आलात तर पहिले वीस फेरे आमच्याकडून. घरात असं कोणी म्हणत नाही. फुकटचे वीस फेरे सोडणं हाही एक प्रकारचा तोटाच. ॲप परत घेतलं. फक्त वीस फेऱ्यांपुरतं.

१७ मार्च, सोमवार
कानाचे उरलेले पैसेही आत घेतले. गेलेले सोडवायला कोणाला तरी पाठवायला हवंच होतं. ते परतले नाहीत.
बायकोने विचारलं, कंपनी दुसरी बघायची का? म्हटलं, तक्रार नोंदवली आहे, सात दिवसांत कळवतील. नऊ वर्षं हेच वाक्य खाऊन जगतोय आपण, म्हणाली. आणि भांडी घासायला गेली. फार काही बोलली नाही, म्हणजे पटलं असावं.

१९ मार्च, बुधवार
अपघात झाला. ताईचा मेसेज आला की नानांच्या मशीनचं काय झालं. नेमकं तेव्हाच चाक फिरत होतं आणि लॅपटॉपवर तक्रारींचा ढीग होता. घाईत ताईला जे गेलं ते असं: ‘प्रिय ग्राहक, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया बिलाची प्रत आणि मिक्सरच्या भांड्याचा फोटो पाठवावा.’
हसण्याची चित्रं पाठवून सारवासारव केली. ताई हसली नाही. बिलाची प्रत तूच पाठव, म्हणाली.

२२ मार्च, शनिवार
ताई आली. न कळवता. बॅग दारात ठेवली, चपलाही काढल्या नाहीत आणि नानांना घेऊन थेट मशीनच्या दुकानात गेली. मी म्हणालो, माल नाही. ती म्हणाली, बघू तर. माल होता. साच्यावरून केलेलं मशीन दोन आठवडे दुकानात तयार होतं, त्याच्या डबीवर नानांचं नाव होतं. मशीनवाला म्हणाला, फोन केले, कोणी उचललेच नाहीत. ते खरं आहे. अनोळखी नंबर मी उचलत नाही, हल्ली फसवणुकीचं प्रमाण फार वाढलंय.
पैसे ताईने भरले. पूर्ण. तिच्या बांगड्यांसाठी साठवलेले होते, हे मला बायकोकडून कळलं, ताईकडून नाही. मी सांगितलं की माझे पैसे एका ठिकाणी अडकलेत, महिनाअखेर देतो. ताई म्हणाली, कुठे अडकलेत ते मी विचारत नाही, कारण तू खोटं बोलशील आणि मला ते ऐकावं लागेल. संध्याकाळच्या गाडीने गेली.
बोलणं लागलं. मात्र एक बरं झालं. नानांना मशीन मिळालं, म्हणजे मूळ उद्देश साध्य झाला.

२४ मार्च, सोमवार
नानांना सगळं ऐकू येतं. पंखा घासतो, म्हणाले. कुकरचं रबर बदला, म्हणाले. वरच्या मजल्यावरची बाई नवऱ्याला काय म्हणते तेही सांगितलं. दुपारी मी स्टुलावर बसलो तर माझ्याकडे वळून म्हणाले, बोल काहीतरी. काय बोलणार? मिक्सरचं सांगितलं. ते ऐकत होते पण मजा येत नव्हती, दोघांनाही.
चाक बाथरूममध्ये हलवलं. ताईचे पैसे फेडायचे तर खेळावंच लागणार. हे आता माझं कर्तव्य आहे. आवाज बारीक ठेवतो. अगदी बंद केला तर गोळी पडल्याचा भरवसा वाटत नाही.

२६ मार्च, बुधवार
नानांनी बाथरूमचं दार वाजवलं आणि विचारलं की आत काही खडखडतंय का. नळ गळतोय म्हटलं. संध्याकाळी नाना पाना घेऊन नळाशी बसलेले. बायको दारात उभी राहून बघत होती. नळ गळत नव्हता. तिने त्यांच्या हातातून पाना घेतला आणि माझ्या हातात दिला. मी तो जागेवर ठेवला.

२९ मार्च, शनिवार
पगार झाला. पगार गेला. पद्धतीत चूक नाही. फक्त दुप्पट, परत दुप्पट, परत दुप्पट करताना एका टप्प्यावर माणसाकडे पुढचं दुप्पट नसतं. बाकी गणित बरोबर आहे.
बायकोने तिच्या फोनमधला माझा अंगठा काढून टाकला आणि स्वतःचा पगार तिच्या आईच्या खात्यात वळवला. बचतीची सवय लागतेय. चांगलं आहे.
फार थकलोय. काहीच न करता माणूस इतका कसा थकतो कळत नाही.

१ एप्रिल, मंगळवार
नानांनी मशीन काढून डबीत ठेवलं आणि डबी माझ्या हातात दिली. म्हणाले, हे परत दे, येतील ते पैसे ताईला पाठव, मला नकोय. मी पाटीवर लिहिलं, का? म्हणाले, ऐकण्यासारखं विशेष काही नाही.
मी नको म्हणायला हवं होतं. पाटीवर ‘नको’ लिहायला खडूही उचलला होता. मग वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या मनाविरुद्ध का जा?

२ एप्रिल, बुधवार
सकाळी दुकानात गेलो. नंबर यायला वेळ होता. बाकावर बसून दहा मिनिटं.
मशीनवाल्याने डबी उघडली, मशीन उलटंसुलटं केलं आणि विचारलं, बिघडलंय का? नाही म्हटलं. मग परत का? म्हटलं, त्यांना नकोय. तो म्हणाला, हे कोणालाच विकता येत नाही, साचा तुमच्या वडिलांच्या कानाचा आहे, जगात दुसऱ्या कोणाच्या कानात हे बसणार नाही. तुमच्याही नाही. मी नकळत ते माझ्या कानाला लावून बघत होतो. खरंच बसलं नाही. त्याने ते हळूच माझ्या हातातून काढून घेतलं, कापडाने पुसलं, डबीत ठेवलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.
रस्ताभर डबी खिशात हाताला लागत होती. स्वतःची इतकी लाज या आधी कधी वाटली नव्हती. आज खरोखर बंद, असं ठरवलं. आणि कुणाला तरी सगळं सांगून टाकायचं, असंही ठरवलं. सुरुवात सोप्या माणसापासून करावी.
संध्याकाळी नाना खुर्चीत होते. डबी माझ्याच खिशात, म्हणजे भीती नाही. स्टुलावर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. कानाचे पैसे. माल आला नाही ते खोटं. गळका नळ. पगार. मशीन विकायला गेलो होतो ते. सांगता सांगता आवाज चढला, रडूही आलं. नाना खिडकीबाहेर बघत होते. संपलं तेव्हा मला फार हलकं वाटलं. ऐकणारा बहिरा असला की कबुली किती बरी जमते.
नानांनी मान वळवली. म्हणाले, माहीत आहे. या बाजूला इतकं जवळ बसून मोठ्याने बोललास की मला मशीनशिवायही समजतं, निम्मंशिम्मं. लाल-काळं महिनाभर ऐकतोय. वाटलं होतं, बोलतोय तोवर कधीतरी स्वतःचंच ऐकेल. मशीन लावल्यापासून तू बोलेनासा झालास, बाथरूममध्ये जाऊन बसायला लागलास, म्हणून काढून टाकलं.
मी खिशातून डबी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली, उघडली नाही. मग विचारलं, आणि आजचं?
आजचं मी सांगितलं नव्हतं. दुकानातल्या बाकावरचं. सांगितलं, अगदी हळू.
नानांनी उजवा कान पुढे केला. ऐकू आलं नाही, मोठ्याने सांग, म्हणाले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.
मोठ्याने सांगितलं.