खार चढणार नाही असा खांब

प्रिय आर्वो,

काल पुन्हा बर्फ पडला, आणि खार अजून दाण्यांपर्यंत पोचलेली नाही. या अंगणात चाळीस वर्षं खारींशी तूच भांडलास, म्हणून ही बातमी तुझ्या कानावर घालावीशी वाटली. खिडकीच्या काचेवर जोडा आपटायचास, पायजम्यावरच बाहेर धावायचास, आणि पाखरांच्या दाण्यांचा डबा रिकामा झाला की माझ्यावर डाफरायचास, जणू मीच शेपटी लावून खांबावर चढले होते. मी आपली कॉफी गाळत राहायचे. खारींचं तू बघायचं, घरातलं मी, असं आपलं न बोलता ठरलेलं होतं.

तू मला सोडून वांडाबरोबर फ्लोरिडाला गेलास त्या हिवाळ्यात डबा रिकामाच लटकत होता. कोण येतंय, कोण जातंय, मला काही बघायचं नव्हतं. मग एका दुपारी शेजारची मार्गिट केक घेऊन आली, आणि गाव सोडण्याआधी तू बारमध्ये चारचौघांत काय बोललास ते सांगून गेली. "एल्वीला साधी खारसुद्धा हाकलता येत नाही. वसंत लागायच्या आत तिचा फोन येतो की नाही बघा." लोक हसले म्हणे. सांगताना मार्गिटला वाईट वाटत होतं, पण तिने एक शब्द गाळला नाही. ती गेल्यावर मी केक झाकून ठेवला, बूट चढवले आणि दुकानातून सूर्यफुलाच्या बियांचं मोठं पोतं घेऊन आले.

आधी खांबाला व्हॅसलीन फासलं. खार निम्म्यावरून घसरत खाली आली तेव्हा मी खिडकीशी एकटीच टाळ्या वाजवत होते. पण थंडीने ते व्हॅसलीन मेणासारखं घट्ट झालं आणि सकाळी बाईसाहेब डब्यावर ठाण मांडून बसलेल्या. मग दुकानदार म्हणाला, दाण्यांना लाल तिखट चोळा, पाखरांना ते लागत नाही, खारीला मात्र झोंबतं. मी चोळायला घेतलं आणि नेमका तळ्यावरून वारा आला. सगळं माझ्याच डोळ्यांत. चाचपडत आत आले, नळाखाली डोळे धुतले आणि तिथेच फरशीवर बसून रडले. तुझी ती वांडा, तुमचं फ्लोरिडातलं घर, आपल्या लेकीने, सिग्नेने, फोनवर अडखळत दिलेल्या बातम्या, सगळ्यावर एकदाच रडून घेतलं. तिखटाचं निमित्त होतं ते बरं झालं. स्वतःला कारण द्यावं लागलं नाही.

त्यानंतर काही न करता मी नुसती खिडकीशी बसून बघत राहिले. खार खांबावरून चढायची तशी मेपलच्या फांदीवरूनही उडी घ्यायची, आणि ते नाही जमलं तर गॅरेजच्या छपरावरून. म्हणजे तू खांब रोवलास ती जागाच मुळात चुकली होती, आणि ओरडा मी खात होते. खांब अंगणाच्या मधोमध हवा होता. पण जमीन दगडासारखी गोठलेली. जाळ केल्याशिवाय पहार आत जाणार नव्हती. लाकूडफाटा मला हिवाळाभर पुरवायचा होता, म्हणून मी तुझी झुलती खुर्ची बाहेर ओढली. मार्गिट कुंपणापलीकडून बघत होती.

"चांगली खुर्ची होती गं ती, एल्वी."

"जळतेयही चांगली."

मार्गिट घरात गेली, नवऱ्याची पहार घेऊन आली आणि राख बाजूला सारून माझ्याबरोबर खणायला लागली. दोघींनी मिळून खांब उभा केला. डब्याच्या खाली, खांबाभोवती, धुराड्याचा जुना पत्र्याचा पाइप अडकवला, वरून बंद, खालून उघडा. खार सरसर चढली, थेट पाइपात शिरली आणि वर वाट नाही म्हणून उलटी खाली आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मग बर्फात बसून तिने खांबाकडे असं काही पाहिलं की मार्गिटला हसून हसून उचकी लागली. डब्यावर आधी काळ्या टोपीची चिमुकली चिकडी पाखरं आली. थोड्या दिवसांनी लाल कार्डिनल पक्ष्यांची जोडीही यायला लागली. खाली सांडलेलं खार खाते. तेवढं मी तिला दिलंय.

तेव्हापासून सगळे हिवाळे असेच चाललेत. बर्फ साचून उंची वाढली की खारीला तिथून उडी मारता येते, म्हणून खांबाभोवतीचा बर्फ मी रोज उपसते. गुडघे दुखतात. तरी उपसते. छपराची गळती मीच काढली, गॅरेजचं दार आता कुरकुरत नाही, आणि शनिवारी मार्गिट आणि मी सॉनात, त्या गरम वाफेच्या खोलीत, बसून गावभरच्या लोकांची टिंगल करतो. तुझीही करायचो. हल्ली तू आठवणीत येत नाहीस.

रविवारी सिग्नेचा फोन आला. वांडा तिच्या मुलाकडे राहायला गेली, तू एकटा पडलास, तुझी कंबर धरलीय, हे तिने सांगितलं. ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती हळूच म्हणाली, "आई, वरची खोली रिकामीच असते ना? बाबा परत यायला तयार आहेत." तयार आहेस म्हणे. तुला कुणी बोलावलं होतं, आर्वो? थंडीच्या दिवसांत घरात पुरुषमाणूस असलेला बरा, असंही तू तिला म्हणालास. पोरीला मध्ये घालून उत्तर द्यायचं मला पटलं नाही, म्हणून तुला थेट लिहितेय. गावात खुशाल ये. तळ्याकाठी भाड्याच्या खोल्या मिळतात, सिग्ने तुला बघायला येत जाईल, आणि दुकानात भेटलास तर मी तुझ्या कमरेची चौकशीही करीन. पण या घरी येऊ नकोस. बॅगा घेऊन पायरीवर उभा राहिलास तरी दार उघडणार नाही. रागाने म्हणशील, तर राग केव्हाच संपला. मला ते उघडायचं नाही.

आता तुझी नसलेली, पण तुझं वाईट न चिंतणारी,
एल्वी