रंग वाळला

प्रिय वन्सं,

घराला रंग द्यायचाय म्हणून तुम्हाला तुमच्या घरी धाडलं, ते खोटं होतं.

बाळाचं वजन वाढेना, म्हणून अंगावर पाजायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या ना? त्यांनी बाळाची जीभ तपासली, मला नीट बसवलं आणि विचारलं, "पिता पिता हा सारखी मान का वळवतो?"

आईंनी छताकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

तुमचा तोंडाचा पट्टा चालूच. "मी केव्हाची सांगतेय, हिला बाळाची मान धरता येत नाही!" बाळ लगेच दूध सोडून तुमच्याकडे वळलं.

तुम्ही गेलात आणि पठ्ठ्या गटागट प्यायला लागला. पण पोट भरलं की तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून भोकाड पसरतो. आमच्या आवाजाला काडीची किंमत नाही.

हे पत्र काही पाठवत नाही. रंग वाळला, एवढंच फोनवर सांगते.

तुमची भावजय