त्यांचं ‘मी’, माझ्या तोंडी

बाई, जपानीच्या वर्गात सगळे तुम्हाला सेन्सेई म्हणायचे. मनातल्या मनात मी तुम्हाला बाईच म्हणत आले, आणि आज भांडायचंच आहे तर तेच बरं. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे ऑकलंडला नुकती आले होते. फोनवर बातमी कळली आणि खूप रडले. आता इतक्या वर्षांनी राग आला आहे, आणि तो ऐकून घ्यायला तुम्ही नाही, याचाही राग आहे.

एरंडवण्यातलं तुमचं स्वयंपाकघर. जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही दाटीवाटीने बसलोय. बशीत शंकरपाळी आहेत आणि कपात तो कडवट हिरवा चहा, जो आवडतो असं सगळे धडधडीत खोटं सांगतात. जपानच्या राज्यघटनेतलं युद्धाचा कायमचा त्याग करणारं कलम तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेताय. ‘असं वाक्य लिहायला देश आधी भाजून निघावा लागतो,’ तुम्ही म्हणता, आणि तुमचे डोळे भरून येतात. मी विचारलं होतं, मग युद्धगुन्हेगारांनाही जिथे पुजलं जातं त्या देवळात त्यांचे पुढारी का जातात? कोरिया आणि चीन दरवेळी का चिडतात? तुम्ही पदराने डोळे पुसलेत आणि म्हणालात, ‘ज्यांच्या भाषेवर आपलं पोट भरणार आहे, त्यांच्या घरातली भांडणं आपण काढायची नाहीत. जा, कप विसळून ठेव.’ तेव्हा मला वाटलं, तुम्हाला उत्तर माहीत नाही. आता खात्री आहे की माहीत होतं. तुम्ही आम्हाला अर्धाच देश शिकवलात, बाई, आणि तोच पुरा म्हणून गळ्यात मारलात.

मग पिंपरीचा तो कारखाना. माझं दुभाषाचं पहिलंच काम, तुम्ही मागे उभ्या. जपानी साहेब एका वयस्कर फिटरवर संतापलेला. ‘साहेब म्हणतात, तुम्ही निष्काळजी आहात,’ असं मी सांगितलं. परतताना रिक्षात तुम्ही मला फाडून खाल्लंत. ‘साहेब म्हणतात? तू कोण मध्ये बोलणारी? तो “मी” म्हणाला की तूही “मी”च म्हणायचं. दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं.’ दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांच्या वयाच्या त्या माणसासमोर उभी राहून मी म्हणाले, ‘मी तुमच्यावर नाराज आहे.’ तो खाली मान घालून उभा राहिला. तुम्ही मला शाबासकी दिलीत, आणि संध्याकाळी सामान बांधायचा तो निळा जपानी रुमाल भेट दिलात.

त्या तुमच्या जपानचं राजकारण मी आता इथून बघते. पंतप्रधान बदलतात, वाक्य बदलत नाही: ‘आम्हाला तीव्र खेद वाटतो.’ कोणी काय केलं याचा तो खेद नसतो, काहीतरी घडलं एवढ्याचाच असतो. शस्त्रं परदेशी विकणार नाही म्हणणाऱ्या देशाने हळूहळू एकेक दार किलकिलं केलं आणि आता सताड उघडलं. कलम मात्र जागच्या जागी आहे, देव्हाऱ्यातल्या टाकासारखं. पुसायचं, हळदकुंकू वाहायचं आणि कामाला लागायचं. चिनी नौका या बाजूला फिरकल्यापासून इथलं सरकारही हवालदिल आहे, आणि त्याला जपानी युद्धनौका विकायला आलेल्या मंडळींची दुभाषी म्हणून मला बोलावलं. हे काम नीट झालं तर पुढे राजधानीतल्या, वेलिंग्टनच्या सगळ्या बैठका माझ्याच, असं मला कामं देणाऱ्या एजन्सीने सांगितलं होतं.

सकाळी लेकीने टोस्ट खाता खाता विचारलं, ‘वॉरशिप्स, आई? सीरियसली? अँड यू आर ओके विथ दॅट?’ अणुशक्तीच्या जहाजांना या देशाने बंदी घातली, हे ती शाळेत शिकलेली. मी म्हटलं, ‘मी फक्त बोलते गं.’

इथल्याच पेनरोज भागातल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही गेलो. नौकेच्या दुरुस्तीचं काम त्यांना देता येईल का, हे बघायचं होतं. शॉर्ट्समधला मालक ‘किया ओरा, कम इन, कम इन’ असं स्वागत करत पुढे आला. छायाचित्रं बघून झाल्यावर त्याने सरळ विचारलं, ‘अँड हू आर दीज गन्स फॉर, मेट?’ शिष्टमंडळाचे प्रमुख किंचित झुकले आणि म्हणाले की मी युद्धाचा त्याग केलेल्या देशातून आलो आहे, ही शांततेची नौका आहे. बाई, शब्द जवळजवळ तुमच्या टेबलावरचे होते. माझं तोंड उघडलं. या तोंडावर हक्क कोणाचा, एवढाच तेव्हा प्रश्न होता. ‘ही सेज,’ मी म्हणाले, ‘ही सेज दॅट इट इज अ शिप ऑफ पीस.’

मालकाने चमकून माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या अधिकाऱ्याचं पेन थांबलं. प्रमुखांना इंग्रजी कळत होतं. ते माझ्याकडे वळून सावकाश झुकले आणि पुढचं वाक्य बोलू लागले. घरी येताना मला पिसासारखं हलकं वाटत होतं. काम गेलं तर गेलं.

आज एजन्सीचा फोन आला. तक्रार नाहीच. ‘ते म्हणाले, तुमची दुभाषी त्या दिवशी दमलेली असावी. हेवी डे होता ना. वेलिंग्टनलाही तुम्हीच हव्यात.’ मागोमाग त्यांच्याकडून कापडात बांधलेला मिठाईचा डबाही आला. आयुष्यात एकदा बंड केलं, तर त्यांनी ते सौजन्याने विसळून पालथं घातलं. तुमच्याकडूनच शिकले की काय! तुम्हीही मला असंच कप विसळायला धाडलं होतंत.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तुमच्या इमारतीच्या जागी आता दुसरीच उभी आहे. तुम्ही असतात तर एवढंच विचारलं असतंत, मग काय सांगितलंस त्यांना?

मी हो म्हणाले, बाई. आणि या वेळचं ‘मी’ दुसऱ्या कोणाचं नव्हतं.