डोहाळजेवणाचा हिरवा केक

कवठे महांकाळ

अहो,

आज सात महिन्यांनी केकचं फिरतं टेबल पुसून ओट्यावर ठेवलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय त्यावर काही ठेववेना, म्हणून आधी हे पत्र.

समोरच्या मंगलकाकूंच्या सुनेचं, पूजाचं, परवा डोहाळजेवण आहे. तिला हिरवा केक हवाय, तोही माझ्याच हातचा. मी आधी नाही म्हणाले. हिरव्या बांगड्या उतरवलेल्या हातांनी तिच्यासाठी हिरवा केक कसा करू? तुम्ही यावर रागावला असतात ना?

आपल्या बेकरीत रंगावरून किती वाद घालायचो आपण! पलटणीच्या लंगरात जवानांचं जेवण रांधून तुमचा हात तयार झाला, गाव तुम्हाला मेजर म्हणायचं, पण रंग म्हणाल तर सगळेच्या सगळे एका केकवर. मग साताऱ्याहून तुम्हीच चित्रकलेचं जुनं पुस्तक आणलंत, शाळेच्या पोरांचं. मी सातवी शिकलेली. ओळीखाली बोट धरून वाचलं. कुठला रंग कशासमोर उठून दिसतो, नजर आधी कुठं जाते, फुलं दोनपेक्षा तीन का बरी दिसतात. भडक झालेल्या हिरव्या क्रीममध्ये लाल रंगाचा एक थेंब टाकून मी ते निववलं, तेव्हा तुम्ही बघतच राहिलात.

केकचा थोडा भाग मोकळा सोडायचा, हे मात्र तुम्हाला कधी पटलं नाही. "आगं, मोकळं ठिवलं तर गिऱ्हाईक म्हणतंय, मेजरनं क्रीम वाचवलं." मी हसायचे. लोक तसं म्हणायचेही!

मग त्या दिवशी का नाही हसले? साखरपुड्याचा केक होता. पांढरा, एका कडेला तीन फिकट गुलाबी फुलं. मी खोका आणायला आत गेले आणि तुम्ही मधोमध लालभडक गुलाब काढलात. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी तो सुरीनं खरवडून टाकला. वर म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

तुम्ही हात पुसलेत आणि बाहेर जाऊन बसलात. पुन्हा केकला हात लावला नाहीत. पंधरा दिवसांनी सांगलीच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं ते चादरीत गुंडाळूनच. माफी मागायची राहून गेली. एकदा तरी ओरडायचं होतंत माझ्यावर! गप्प का राहिलात?

काल मंगलकाकू स्वतः आल्या. थोरल्या जाऊबाई इथंच होत्या. त्यांचं म्हणणं, केक हिनं करावा, पण नेऊन मी देते, हिनं समोर येऊ नये, बायका नावं ठेवतील. काकूंनी कप खाली ठेवला.

"पूजीच्या पोटात पाणी ठरत न्हवतं, तवा रोज आंबील कोण आणत हुतं? तवा न्हाई कुणी नाव ठिवलं. केक हिच्याच हातानं यील."

जाऊबाई कप उचलून आत गेल्या. मी होकाराची मान हलवली.

भीती अजून वाटतेच. पण तुम्हाला शब्द देते. परवा केक दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. पूजाच्या पाटासमोर मीच नेऊन ठेवीन, आणि ठेवून मागच्या मागं घरी निघणार नाही. चार बायकांच्या पंगतीत बसून जेवून येईन.

तुमचीच,
सुमन